सुपरचार्जर धुवायचा की पुसायचा?

प्रश्न : मी मिशिगनमध्ये राहतो. हौसेने १९८६ ची पाँटियाक फिएरो घेतली आहे. तिचे मूळ इंजिन काढून त्या जागी भंगारातल्या ब्यूकमधले सुपरचार्जर असलेले ३८०० इंजिन बसवण्याचे काम चालू आहे. सुपरचार्जर उतरवून आत पाहिले, तर सगळीकडे काळा, चिकट, तेलकट थर. एक मित्र म्हणतो, सील गेले आहे, फेकून दे. दुसरा म्हणतो, कार्ब्युरेटर क्लीनर मार आणि लखलखीत धुऊन काढ. तिसरा म्हणतो, आत बोटही लावू नकोस. ऐकू तरी कोणाचे? शिवाय त्यात ऑइल घालावे लागते म्हणतात, ते इंजिनाचेच का?

उत्तर : तीन मित्र आणि तीन सल्ले, म्हणजे गोंधळ होणारच. पण तुमच्या पत्रात खरे तर दोनच कोडी आहेत. आतला काळा थर आला कुठून, हे पहिले. आणि तो काढताना कशाला हात लावायचा व कशाला नाही, हे दुसरे. पहिले सुटले की दुसरे जवळजवळ आपोआप सुटते. तिसऱ्या मित्राचे म्हणणे सत्याच्या सर्वांत जवळ आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र ते पुरेसे नाही.

इतर वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. फिएरो ही जनरल मोटर्सची दोन आसनी, आसनांच्या मागे इंजिन असलेली छोटी गाडी. ती १९८४ ते १९८८ या काळात मिशिगनमधल्याच पाँटियाक शहरात तयार होत असे. पहिल्या वर्षीचे तिचे अडीच लिटरचे इंजिन अवघ्या ९२ अश्वशक्तीचे होते. पुढे २.८ लिटरचे व्ही-६ आले, तरी दिसायला चपळ आणि धावायला बेताची ही तक्रार काही गेली नाही. इकडे त्याच कंपनीच्या ब्यूक आणि पाँटियाकच्या मोठ्या गाड्यांत १९९६ पासून ३८०० मालिकेच्या दुसऱ्या आवृत्तीचे ३.८ लिटरचे सुपरचार्जर असलेले व्ही-६ बसू लागले. त्याची ताकद २४० अश्वशक्ती. हे इंजिन आणि फिएरोचा गिअरबॉक्स यांच्या जोडणीच्या बोल्टांची मांडणी एकच आहे. त्यामुळे भंगारातून असे इंजिन आणून फिएरोत बसवणे हा अमेरिकेतल्या हौशी मंडळींचा आवडता उद्योग झाला. तुम्ही त्याच वाटेने चालला आहात.

आता सुपरचार्जरकडे वळू. तुमच्या इंजिनावर आहे तो ईटन कंपनीचा एम-९०. नावातले ९० म्हणजे ९० घन इंच. एका फेरीत तो सुमारे दीड लिटर हवा पुढे ढकलतो. इंजिनाच्या पट्ट्यावर तो इंजिनाच्या जवळपास दुप्पट वेगाने फिरतो, म्हणजे इंजिनाच्या एका फेरीमागे जवळजवळ तीन लिटर हवा झाली. ३.८ लिटरचे चार स्ट्रोकचे इंजिन एका फेरीत स्वतःहून १.९ लिटरच हवा घेऊ शकते. तीन लिटर हवा १.९ लिटरच्या जागेत कोंबली की दाब वाढतो. गळती आणि उष्णता यांचा हिशेब बाजूला ठेवला, तरी या साध्या भागाकारातून निघणारा दाब कंपनीच्या मूळ मांडणीतल्या दर चौरस इंचाला सात-आठ पौंडांच्या अगदी जवळ येतो.

ही यंत्ररचना तशी फार जुनी. इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलच्या रूट्स बंधूंनी तिचे पेटंट १८६० मध्ये घेतले, म्हणजे मोटारगाडी जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. सुरुवातीला तिचा उपयोग भट्ट्यांना वारा घालण्यासाठी झाला. आत दोन रोटर असतात. तुमच्या एम-९० मध्ये प्रत्येकाला तीन पाकळ्या आहेत आणि त्यांना हलकासा पीळ दिलेला आहे. गुऱ्हाळातल्या चरकाचे रूळ जसे एकमेकांना घासून ऊस पिळतात, तसे हे रोटर हवा पिळत असतील असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते एकमेकांना शिवतही नाहीत. पुढच्या बाजूला असलेली दातेरी चाकांची जोडी त्यांना अचूक अंतरावर ठेवते. रोटर आणि बाहेरची पेटी यांच्यातही केसाच्या जाडीच्या मापाची फट असते. ज्या भागांचा एकमेकांना स्पर्शच होत नाही, त्यांना वंगण लागत नाही. म्हणून रोटरच्या कोठडीत तेलाचे काहीच काम नाही. तेल लागते ते पुढच्या नाकाडात, जिथे ती दातेरी चाके आणि बेअरिंग आहेत. मागच्या टोकाची सुईबेअरिंग ग्रीसवर चालतात.

इथे दोन गैरसमज दूर करू. पहिला असा की सुपरचार्जरला इंजिनाचे तेल मिळते. टर्बोचार्जरला मिळते, कारण तो एक्झॉस्टच्या गरम वायूवर फिरतो आणि त्याचे बेअरिंग इंजिनाच्या तेलाच्या धारेवरच टिकते. गाडी बंद करण्याआधी थोडा वेळ इंजिन चालू ठेवा, हा सल्ला त्यासाठीच आहे. एम-९० चे तेल मात्र त्याच्या नाकाडात बंदिस्त असते. त्याचा इंजिनाच्या तेलाशी काही संबंध नाही. दुसरा गैरसमज तुमच्या पहिल्या मित्राचा. आत तेल दिसले म्हणजे सील गेले, हा निष्कर्ष घाईचा आहे.

मग तो काळा थर आला कुठून? बहुधा इंजिनाच्याच पोटातून. पिस्टनच्या कडांमधून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये झिरपतो. तिथे त्यात तेलाचे तुषार मिसळतात. ही वाफ बाहेर सोडली तर प्रदूषण होते, म्हणून पीसीव्ही नावाच्या छोट्या व्हॉल्व्हमार्गे ती पुन्हा हवेच्या वाटेत सोडून जाळली जाते. जुन्या इंजिनात वायू जास्त झिरपतो. त्या व्हॉल्व्हभोवतीची रबरी रिंग कडक होऊन तडकलेली असते. तेलाचे तुषार वाढतात, थंड धातूवर बसतात, त्यावर धूळ बसते आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्या मिश्रणाचा डांबरासारखा थर होतो. तुम्ही पाहिला तो हाच असण्याची शक्यता जास्त.

खात्री करायची असेल, तर काहीही पुसण्याआधी नाकाडातल्या तेलाची पातळी पाहा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण एकदा सगळे पुसले की पुरावा जातो. नाकाडावर ॲलन कीने उघडणारा एक छोटा प्लग आहे. सुपरचार्जर इंजिनावर असतो तसा आडवा ठेवायचा आणि पूर्ण थंड असताना प्लग काढायचा. गरम असताना आतले तेल दाबाने उसळू शकते. पातळी छिद्राच्या खालच्या काठाच्या आसपास असेल, तर सील शाबूत आहे असे समजायला हरकत नाही. पातळी बरीच खाली असेल आणि रोटरच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाकाडाच्या बाजूला, ओलसर ओघळ दिसत असतील, तर तुमचा पहिला मित्र बरोबर आहे. तरीही फेकून देण्याचे कारण नाही. पुढची सीले आणि बेअरिंग बदलून मिळतात. मात्र ते काम प्रेस आणि योग्य पुलर असलेल्या माणसाचेच. दातेरी चाके शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेली असतात. ती काढून पुन्हा बसवताना रोटरांचे परस्परांतले अंतर चुकले, तर पहिल्याच फेरीत पाकळ्या एकमेकींवर आदळतील. घरच्या वाइसवर हा प्रयोग कधीही करू नका.

आता स्वच्छता. रोटर नुसते ॲल्युमिनियमचे नसतात, त्यांच्यावर एक लेप असतो. फट जितकी बारीक तितकी गळती कमी, म्हणून हा लेप फट भरून काढतो. तुमच्या दुसऱ्या मित्राचा कार्ब्युरेटर क्लीनर हा तिखट द्रव आहे. लेपावर त्याचा परिणाम होऊ शकतोच, पण माझी खरी भीती वेगळी आहे. डबा उलटा करून फवारा मारला की द्रव कोपऱ्याकोपऱ्यांत शिरतो. मागच्या सुईबेअरिंगमधले ग्रीस तो धुऊन काढतो आणि पुढच्या सीलच्या ओठाखालून तेलातही जातो. सुपरचार्जर बाहेरून आरशासारखा दिसतो आणि काही महिन्यांनी मागचे बेअरिंग ओरडू लागते. तोपर्यंत इंजिन गाडीत बसलेले असते. फिएरोत इंजिन आसनांच्या पाठीमागे, अंग चोरून बसावे अशा जागेत असते. तिथे पुन्हा सुपरचार्जर उतरवणे किती त्रासाचे आहे, ते तुम्हीच चांगले जाणता.

म्हणून आतून पुसा, धुऊ नका. सुपरचार्जर अशा रीतीने धरा की खालचे त्रिकोणी तोंड जमिनीकडे राहील, म्हणजे सुटलेली घाण बाहेर पडेल, बेअरिंगकडे जाणार नाही. धागे न सुटणारे कापड मिनरल स्पिरिटमध्ये किंचित भिजवून पिळा. पुली हाताने फिरवत एकेक पाकळी पुसून घ्या. कोपऱ्यांसाठी मऊ नायलॉनचा ब्रश चालेल. तारेचा ब्रश, सँडपेपर किंवा स्क्रू ड्रायव्हरचे टोक अजिबात नको. घट्ट चिकटलेल्या जागी कापड काही मिनिटे नुसते टेकवून ठेवा, थर आपणहून मऊ होतो. एवढे करूनही एखादा डाग राहिला तर राहू द्या. लकाकी आणि ताकद यांचा इथे काही संबंध नाही. पाकळ्यांवरच्या तेलाच्या पातळ थराने सुपरचार्जरचे काही बिघडत नाही. पण लेप खरवडला गेला, की फट वाढते आणि दाब कायमचा उतरतो.

बाहेरची पेटी खुशाल साबणाच्या पाण्याने घासा, सगळी तोंडे आधी नीट बंद करून. फक्त एक लक्षात ठेवा. लोखंडी इंजिन साफ करायला काही गॅरेजमध्ये कॉस्टिक सोड्याचे टाके असते. त्यात ॲल्युमिनियमचा भाग टाकला तर सोडा धातूच खायला लागतो आणि हायड्रोजनचे बुडबुडे येतात. बाहेर काढाल तेव्हा गॅस्केट बसण्याची पृष्ठेसुद्धा खडबडीत झालेली असतील.

तेल हा या कामातला खरोखर करण्याजोगा भाग, आणि नेमका तोच लोक विसरतात. कंपनीच्या वेळापत्रकात दर ३०,००० मैलांनी पातळी तपासा असे आहे. बदलण्याचा आग्रह नसल्यामुळे भंगारातल्या कित्येक सुपरचार्जरांत कारखान्यातलेच तेल असते. ते काळे आणि उग्र वासाचे झालेले असते. तो वास एकदा हाताला लागला की लवकर जात नाही, तेव्हा हातमोजे घाला. तळाला प्लग नसतो. बारीक नळी लावलेल्या मोठ्या सिरिंजने तेल ओढून घ्या आणि नाकाड उघडणार असाल तर उरलेले तेव्हा निथळू द्या. नवे तेल सुपरचार्जरसाठीच मिळणारे सिंथेटिक घाला. ते छोट्या बाटलीत मिळते आणि जनरल मोटर्सच्या दुकानात सहज सापडते. इंजिनाचे तेल नको. ही चाके मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेऱ्या घेतात आणि त्या वेगाला, त्या उष्णतेला लागणारे तेल वेगळे असते. आणि जास्त भरू नका. चार थेंब जास्त म्हणजे चार दिवस जास्त टिकेल, असे इथे होत नाही. तेल तापून फुगते, हवेला जागा उरली नाही की दाब सीलवर येतो, आणि जे सील आतापर्यंत चांगले होते तेही तेल सोडू लागते. छिद्राच्या काठाशी थांबा.

तेल काढलेच आहे तर नाकाडही उघडा. आतला प्लास्टिकचा कपलर पाहणे हे मी या सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे पाऊल मानतो. पुलीच्या शाफ्टची फिरकी दातेरी चाकांकडे नेणारा हा तुकडा झिजतो. त्याची छिद्रे लंबगोल होतात आणि इंजिन संथ चालू असताना खडखड ऐकू येते. वेग वाढवला की ती थांबते. हा आवाज ऐकून लोक बेअरिंग गेले, इंजिन गेले असे समजून घाबरतात. प्रत्यक्षात काही डॉलरचा तुकडा बदलायचा असतो. नाकाडाचे बोल्ट काढल्यावर ते सहज सुटत नाही, कारण तिथे गॅस्केट नसून सीलंटचा थर असतो. रबरी हातोडीने बाजूने हलके ठोका, फटीत पट्टी घालून उचकटू नका. ती पृष्ठे ओरखडली तर तेल गळणारच. जुने सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढा, नवे पातळ लावा, आणि आतल्या बाजूला त्याचा गोळा पिळून निघणार नाही हे पाहा. नाकाड हातात असतानाच पुलीचे बेअरिंग फिरवून पाहा. खरखर लागली किंवा आडवी हालचाल जाणवली, तर तेही आत्ताच बदला.

बायपास व्हॉल्व्हकडे मी तुमचे लक्ष मुद्दाम वेधतो, कारण इंजिन बदलताना सर्वाधिक घोळ तिथेच होतो. सुपरचार्जर पट्ट्याला जोडलेला असल्यामुळे तो सतत फिरत राहतो. पण सरळ रस्त्यावर संथ चालताना दाबाची गरज नसते. तेव्हा हा व्हॉल्व्ह उघडून हवा पुन्हा मागे फिरवतो, म्हणजे इंधन वाचते आणि हवाही उगाच तापत नाही. इंजिनातल्या निर्वातावर तो उघडतो. ही निर्वाताची बारीक रबरी नळी जुन्या इंजिनावर कडक झालेली असते, आणि इंजिन एका गाडीतून दुसरीत नेताना ती तुटते, चिमटते किंवा चुकीच्या जागी जोडली जाते. व्हॉल्व्ह बंदच राहिला तर सुपरचार्जर सतत कष्ट करतो आणि हवा तापते. उघडाच राहिला तर २४० अश्वशक्तीचे इंजिन घेऊनही गाडी मरगळलेली वाटते, आणि लोक सुपरचार्जरलाच दोष देतात. हातपंपाने निर्वात देऊन तो पूर्ण हलतो का, सोडल्यावर परत येतो का आणि मधे अडखळतो का, ते पाहा. त्याच्या दांड्यावरही तोच चिकटा बसलेला असतो. इथे मात्र तो निपटून काढा.

आता मूळ कारणाकडे. पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि त्याची रबरी रिंग नवी घाला. हवेची गाळणी बसवताना ती इंजिनाशेजारी उघडी लटकवू नका. नव्या गाडीत जागेच्या अडचणीमुळे अनेक जण तसे करतात आणि मग गरम, धुळकट हवा थेट सुपरचार्जरमध्ये जाते. या इंजिनाला कारखान्यातून इंटरकूलर नाही, म्हणून हवेची प्रत्येक अंश उष्णता पुढे सिलिंडरपर्यंत पोचते. त्यात तेलाचे तुषार मिसळले की पेट्रोलची ठोके सहन करण्याची क्षमता घटते. ठोके जाणवले की संगणक स्पार्क मागे घेतो आणि ताकद उतरते. याच कारणासाठी या इंजिनाला चांगल्या ऑक्टेनचे पेट्रोल लागते आणि त्याचे कॉम्प्रेशनही साध्या ३८०० पेक्षा कमी, ८.५ ला १ असे ठेवलेले आहे. छोटी पुली लावून दाब वाढवण्याचा मोह होईल. आधी मूळ पुलीवर गाडी नीट चालू द्या.

दोन कामे अगदी थोडक्यात. सुपरचार्जर उतरवलेला असताना पट्टा ताणणाऱ्या ब्रॅकेटजवळच्या कूलंटच्या दोन प्लास्टिकच्या कोपरनळ्या बदला. उष्णतेने त्या ठिसूळ होतात आणि इंजिन बसल्यानंतर तिथे हात पोचत नाही. आणि काम लांबणार असेल, तर सगळी तोंडे पत्र्याच्या किंवा प्लायच्या तुकड्याने बोल्ट लावून बंद करा. कापडाचे बोळे कोंबू नका. बोळा विसरला जातो, आणि फिरत्या रोटरांत नासधूस करायला एखादा नटही पुरतो.

याच विषयावर पुण्याच्या एका वाचकाचेही पत्र आहे. त्यांच्याकडे जुनी मर्सिडीज सी २०० कोम्प्रेसर आहे. त्यांचा प्रश्न असा : हे सगळे माझ्या गाडीला लागू आहे का, आणि असे इंजिन दुसऱ्या गाडीत बसवता येईल का?

पहिल्या भागाचे उत्तर बहुतांशी होय. तुमच्या गाडीतला सुपरचार्जरही ईटनच्याच घराण्यातला, पण लहान. न शिवणारे रोटर, लेप, वेगळे तेल आणि तिखट द्रवांची भीती या गोष्टी तशाच. तेलाचा प्रकार आणि प्रमाण मात्र तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्या. दुसऱ्या भागाचे उत्तर गॅरेजवाला देऊ शकणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. इंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला द्यावी लागते. दुसऱ्या जातीचे, जास्त ताकदीचे इंजिन घालणे हा साधा सुटा भाग बदलण्याचा प्रकार नाही. तेव्हा इंजिनावर पैसे खर्च करण्याआधी आरटीओमध्ये लेखी अर्ज देऊन विचारा, आणि उत्तर हाती येईपर्यंत पाना उचलू नका.